सफर पाखरांची

‘सफर’ हा शब्द तुम्हां सर्वांच्या परिचयाचा आहे. सफर म्हणजे प्रवास. मूळचा हा शब्द अरबी. तो उर्दूत आला, मराठीतही रुळला. तिकडे अरब व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला. तेथील स्वाहिली भाषेत त्याचा ‘सफारी’ झाला. स्वाहिली भाषेतून तो इंग्रजीत गेला आणि जगभर पसरला. आज ‘सफारी’ म्हटले, की आफ्रिकेचे मोठे गवताळ माळ, सिंह, हत्ती, जिराफ आणि मोटारीतून त्यांची छायाचित्रे घेणारे प्रवासी डोळ्यांसमोर येतात.

आफ्रिकेतील केनिया या देशात मसाई मारा आणि टांझानिया या देशात सेरेंगेटी हे वन्य प्राण्यांचे प्रसिद्ध प्रदेश आहेत. दोन्हींची सीमा एकमेकींना लागून आहे. विल्डबीस्ट नावाची, बैलासारख्या तोंडाची हरणे तेथे लाखोंच्या संख्येने राहतात. पाऊस आणि गवत जिकडे असेल तिकडे त्यांचे कळप जातात. वाटेत मगरींनी भरलेली मारा नदी लागते. ती पार करताना अनेकांचे प्राण जातात, तरी कळप पुढे सरकतच राहतो. केनियातच नाकुरू नावाचे तळे आहे. त्याच्या काठी गुलाबी रोहित पक्ष्यांचे मोठमोठे थवे उतरतात. हे सारे पाहण्यासाठी जगभरातून लोक तेथे जातात.

एके काळी मात्र सफारीला जाणाऱ्यांच्या हातांत बंदुका असत. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पूर्व आफ्रिकेत सफारीला गेले. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने त्या प्रवासात शेकडो प्राण्यांची शिकार केली. त्या काळात लोकांना यात काही वावगे वाटत नसे. पुढे प्राणी झपाट्याने कमी होऊ लागले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. १९७७ साली केनियाने शिकारीवर बंदी घातली. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. प्राणी जिवंत राहिला आणि पाहणाऱ्याला आठवणीसाठी चित्रही मिळाले.

आफ्रिकेची सफर फार खर्चाची असते. आपल्यापैकी फार थोड्यांना ती घडेल. पण म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. आपण आफ्रिकेत गेलो नाही, तरी आफ्रिकेतील पाहुणे आपल्याकडे येतात. पावसाळ्याच्या तोंडावर डोक्यावर तुरा असलेला एक काळा-पांढरा पक्षी आपल्या शिवारात दिसू लागतो. तो चातक. कित्येक चातक पूर्व आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात. ते सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडी घालतात आणि पावसाळा संपल्यावर परत जातात. म्हणजे जून महिन्यात तुमच्या बांधावरच्या बाभळीवर चातक दिसला, तर आफ्रिकेची सफारीच तुमच्या दारी आली असे समजा!

पक्ष्यांची अशी सफर आपल्याला सहसा दिसत नाही. ती दिसायला लागते नजर. ही नजर साऱ्या देशाला देणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. मामांनी त्यांना छर्‍यांची बंदूक दिली होती. तिने ते चिमण्या मारत. एकदा त्यांनी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही कोणती चिमणी? त्यांनी मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. १८८३ साली स्थापन झालेली ही संस्था आजही मुंबईत काम करते. तेथील मिलर्ड नावाच्या साहेबांनी त्या मुलाला ती चिमणी कोणती ते सांगितले. एवढेच नव्हे, तर पेंढा भरून ठेवलेले कितीतरी पक्षी कपाटे उघडून दाखवले. जगात इतक्या प्रकारचे पक्षी आहेत हे त्या दिवशी त्या मुलाला प्रथमच कळले. एका प्रश्नाने त्याच्या आयुष्याला दिशा दिली.

पुढे १९३१-३२ मध्ये सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. या कामात त्यांच्या पत्नी तहमिना याही त्यांच्याबरोबर होत्या. त्या वेळी आपला परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. त्या काळी अभ्यासासाठीही पक्षी मारून जपून ठेवावे लागत. हळूहळू दुर्बीण, वही आणि कॅमेरा यांचे महत्त्व वाढले. सिंगापूरचे लोक वान थो हे सलीम अली यांचे मित्र होते. आडोशाला तासन्‌तास न हलता बसून ते पक्ष्यांची छायाचित्रे घेत. सलीम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले. १९७६ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मविभूषण’ देऊन गौरवले. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आपल्याकडे घनदाट जंगल नाही. पण पाणी आहे, शिवार आहे, माळ आहे. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्पाचा जलाशय आहे. गोदावरीवर ढालेगाव आणि मुदगल येथे बंधारे आहेत. याच गोदावरीवर वरच्या अंगाला पैठणचा नाथसागर आहे. १९८६ साली तो पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याहून वर, नाशिक जिल्ह्यात, नांदूर मध्यमेश्वर आहे. जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांची ‘रामसर’ नावाची यादी आहे. तिच्यात नांदूर मध्यमेश्वरचा समावेश झाला आहे. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ. म्हणजे गंगाखेडच्या घाटावरून वाहणारी नदी ही पाखरांचीही मोठी वाट आहे.

हिवाळ्यात अशा पाण्यावर दूरदेशीचे पाहुणे उतरतात. नारिंगी रंगाचे, बदकासारखे पक्षी जोडीने फिरताना दिसले, तर ते चक्रवाक समजा. उर्दूत यालाच सुरखाब म्हणतात. कोणी तोरा मिरवू लागला, की ‘तुला काय सुरखाबची पिसे लागली आहेत?’ असे आपण उर्दूत विचारतो ना? तोच हा सुरखाब! तो लडाख, तिबेट आणि मध्य आशियाकडून येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. सुमारे ७,००० मीटर उंचीवरून तो उडाल्याच्या नोंदी आहेत.

पाण्याजवळ जाणे जमत नसेल, तर शेतात पाहा. ज्वारी हुरड्यात आली, की भोरड्यांचे थवे येतात. भोरडीचे अंग गुलाबी आणि डोके व पंख काळे असतात. शेकडो भोरड्या आकाशात एकदम वळतात, तेव्हा धुराचा लोट फिरल्यासारखे वाटते. त्या कणसांवर उतरतात म्हणून शेतकरी गोफण फिरवतात. पण याच भोरड्या टोळ आणि किडेही मोठ्या प्रमाणात खातात. बांधावर लांब चोचीने जमीन टोचत फिरणारा, डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला पक्षी म्हणजे हुदहुद. हजरत सुलेमान यांच्या गोष्टीतून तुम्ही त्याला ओळखताच. पेरणीच्या दिवसांत ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे ओरडणारा पावशाही ऐकला असेल. उर्दूत त्याला पपीहा म्हणतात. माळावर नशीब असेल तर काळविटांचा कळपही दिसतो.

पक्षिनिरीक्षणासाठी फारसे साहित्य लागत नाही. डोळे, कान, एक छोटी वही आणि पेन्सिल एवढ्यावर सुरुवात होते. दुर्बीण मिळाली तर उत्तम. दुर्बिणीवर ‘८ × ४०’ असे आकडे असतात. पहिल्या आकड्याचा अर्थ असा, की तिच्यातून वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. हे भिंग जितके मोठे, तितका उजेड जास्त. सकाळी सूर्य उगवल्यानंतरचे दोन तास आणि संध्याकाळची वेळ पक्षी पाहण्यास सर्वांत चांगली. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे घालावेत. बोलणे कमी, चालणे हळू.

पक्षी दिसला, की आधी वहीत नोंद करावी. तारीख, वेळ आणि जागा लिहावी. आकार लिहिताना चिमणी, साळुंकी आणि कावळा हे तीन परिचयाचे पक्षी मनात धरावेत. ‘साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान’ असे लिहिले तरी पुष्कळ कळते. मग चोच, पाय, रंग, आवाज आणि तो काय करत होता ते लिहावे. नाव नंतर शोधता येते. पाहिलेले विसरले, तर मात्र काहीच हाती राहत नाही.

आता छायाचित्रणाविषयी. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन नावाचे दोन भाऊ होते. १८९२ साली त्यांनी पक्ष्याच्या घरट्याचे, आतील अंड्यांसह छायाचित्र घेतले. अशा प्रकारचे ते पहिले छायाचित्र मानले जाते. तेव्हाचे कॅमेरे जड असत. दूरचे जवळ दाखवणारी भिंगेही आजच्यासारखी नव्हती. मग पक्ष्याच्या जवळ जायचे कसे? या भावांनी एक युक्ती केली. बैलाचे कातडे आतून पोकळ राहील असे एका सांगाड्यावर चढवले. त्या खोट्या बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन ते बसत. पक्ष्यांना वाटे, बैल चरतो आहे! धाकटा भाऊ चेरी पुढे आफ्रिकेतही गेला आणि बंदुकीऐवजी कॅमेऱ्याने प्राणी टिपू लागला.

आज लांब भिंगाचा कॅमेरा घेऊन दूर उभे राहता येते. मोबाइलवरही ठीक चित्र येते. तंत्र थोडक्यात असे. सूर्य आपल्या पाठीशी असावा, म्हणजे पक्ष्यावर उजेड पडतो. कॅमेरा पक्ष्याच्या उंचीवर आणावा. त्यासाठी वेळप्रसंगी जमिनीवर झोपावे लागते. चित्रात पक्ष्याचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. डोळा अंधुक, तर सारे चित्र निर्जीव. उडता पक्षी टिपायचा असेल, तर कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागाइतक्या वेळातच उघडून मिटावी. नाहीतर पंख पुसट येतात. पण या सर्वांहून मोठे तंत्र म्हणजे सबुरी. उर्दूत ज्याला ‘सब्र’ म्हणतात, त्याच शब्दाशी मराठीतील ‘सबुरी’चे नाते आहे. आपण पक्ष्याकडे धावायचे नाही. एका जागी शांत बसायचे. थोड्या वेळाने पक्ष्याची भीती कमी होते आणि कधीकधी तो आपणहून जवळ येतो.

सबुरी सुटली तर काय होते, हे टिटवीच्या उदाहरणावरून समजेल. टिटवी म्हणजे उर्दूतील टिटहरी. ती झाडावर घरटे बांधत नाही. उघड्या शेतात, माळावर, खड्यांमध्ये छोटासा खळगा करून त्यात साधारण चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा, त्यावर काळसर ठिपके. पायाजवळ असली तरी ती दिसत नाहीत. टिटवीने अंडी कोठे घातली यावरून यंदा पाऊस किती होईल, याचा अंदाज आपल्याकडचे जुने शेतकरी बांधतात.

टिटवीची अंडी घालण्याची वेळ म्हणजे ऐन उन्हाळाही असतो. मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंशांच्या वर जातो. उघड्या जमिनीवर तर पाय ठेववत नाही. अशा वेळी टिटवी अंड्यांवर बसते, ती त्यांना ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी! नर आणि मादी आळीपाळीने हे काम करतात. पाणी जवळ असेल तर त्यांतला एक जण जाऊन आपल्या पोटाची पिसे भिजवतो आणि परत येऊन अंडी ओली करतो. सुमारे चार आठवडे हा क्रम चालतो.

आता कल्पना करा. भर दुपारी कोणीतरी कॅमेरा घेऊन त्या घरट्याजवळ जातो. टिटवी उठते आणि डोक्यावर घिरट्या घालत ‘टिटीव टिटीव’ असा आकांत करते. छायाचित्रकाराला वाटते, वा, काय छान प्रसंग मिळाला! तो आणखी जवळ जातो. दहा मिनिटे जातात, वीस मिनिटे जातात. अंडी उघडी पडलेली असतात. आतल्या पिलांना ते ऊन सोसत नाही. माणसाच्या मागोमाग कावळे आणि कुत्रीही तेथे येतात. छायाचित्रकार आनंदाने घरी परततो. त्याच्या चित्रात चार सुंदर अंडी असतात. पण त्यांतून आता पिलू बाहेर येणार नसते. त्याने दगड मारला नाही, बंदूक झाडली नाही. तरीही चार जीव गेले. बंदुकीने जे होई, तेच कॅमेऱ्याने झाले.

म्हणून जाणते छायाचित्रकार एक नियम पाळतात : पक्षी आधी, छायाचित्र नंतर. घरट्याच्या जवळ जायचे नाही आणि घरट्याची जागा सर्वांना सांगत सुटायचे नाही. चित्र चांगले यावे म्हणून घरट्यावरची फांदी तोडायची नाही; ती फांदीच पिलांची सावली असते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचे नाही. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी शिरला असे वाटून तो घाबरतो, चिडतो आणि दमतो. उडण्याचे चित्र हवे म्हणून थव्यावर खडा मारायचा नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला विसावा हवा असतो. आपल्यामुळे पक्षी बेचैन झाला असे दिसताच मागे सरायचे. चित्र नाही मिळाले, तर नाही मिळाले.

याला कायद्याचाही आधार आहे. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यानुसार संरक्षित पक्ष्यांना मारणे, पकडणे, त्यांची अंडी किंवा घरटी नष्ट करणे हा गुन्हा आहे. आपल्याकडचा हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणेही या कायद्यात बसत नाही.

परंतु कायद्याच्या आधी माणसाचे मन बदलावे लागते. ते बदलू शकते, याचे उदाहरण नागालँडमध्ये घडले. तेथे पांगती गावाजवळ दोयांग नावाचे धरण आहे. दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अमूर ससाणे नावाचे लहान शिकारी पक्षी लाखोंनी तेथे उतरतात. ते रशिया आणि चीनच्या बाजूने येतात, भारत आणि अरबी समुद्र ओलांडतात आणि दक्षिण आफ्रिकेकडे जातात. २०१२ साली तेथे जाळी लावून असंख्य ससाणे पकडले जात असल्याचे उघडकीस आले. जगभर हळहळ व्यक्त झाली. गावकऱ्यांनी, चर्चने, संस्थांनी आणि सरकारने मिळून विचार केला. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ही शिकार थांबली. ज्या गावात पक्ष्यांसाठी जाळी लागत, त्याच गावात ते पक्षी पाहायला पाहुणे येऊ लागले.

आपल्या महाराष्ट्रात २०२० सालापासून दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यावर मराठीत भरभरून लिहिणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिन आणि १२ नोव्हेंबर हा सलीम अली यांचा. या आठवड्यात तुम्हीही एक सफर काढा. पहाटे उठा. गावच्या तळ्याकाठी किंवा नदीच्या बंधाऱ्यावर मोठ्या माणसांबरोबर जा. वही न्या, जमले तर दुर्बीण न्या. थोडे दूर, शांत बसा. धुके विरळ होईल आणि पाण्यावरचा सुरखाब मान वर करून तुमच्याकडे पाहील. तो उडून न जाता पुन्हा चरू लागला, तर समजा, की त्याने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. हा विश्वास कोणत्याही छायाचित्रापेक्षा मोलाचा आहे.

शब्दार्थ

वावगे – गैर, चुकीचे
हिरमुसणे – नाराज होणे
शिवार – गावाभोवतालची शेते
पाणथळ – जेथे पाणी साचून राहते अशी (जागा)
आडोसा – लपण्याची जागा, पडदा
सबुरी – धीर, संयम
आकांत – मोठ्याने केलेला आक्रोश

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘सफारी’ हा शब्द कोणत्या भाषेतून इंग्रजीत गेला?
(आ) केनियाने शिकारीवर बंदी कोणत्या साली घातली?
(इ) सुरखाबला मराठीत काय म्हणतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कीर्टन बंधूंनी पक्ष्यांच्या जवळ जाण्यासाठी कोणती युक्ती केली?
(आ) उन्हाळ्यात टिटवी आपली अंडी कशी सांभाळते?

प्र. ३. ‘पक्षी आधी, छायाचित्र नंतर’ या नियमाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ४. ‘सफर’ व ‘सब्र’ यांच्याप्रमाणे उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत नाते असलेले आणखी पाच शब्द शोधून लिहा.

उपक्रम : आठवडाभर रोज सकाळी अर्धा तास तुमच्या परिसरातील पक्षी पाहा आणि पाठात सांगितल्याप्रमाणे वहीत नोंदी ठेवा.